समास कापलेली चित्रं

"आधी हात."

मास्तरांच्या घरी कुणीही गेलं की पहिलं वाक्य हेच. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं मागाहून. ओट्यावर पाण्याची बादली, साबणाची चपटी वडी आणि खुंटीला पंचा असायचा. हात धुवायचे, पुसायचे, मग मास्तरांसमोर दोन्ही तळवे उघडे धरायचे. ते वाकून बघायचे. पसंत पडलं तर आत, नाहीतर पुन्हा बादलीकडे. आमच्या हायस्कुलात ते ड्रॉइंग शिकवायचे आणि मी गणित. म्हणजे मान माझा मोठा. तरी एकदा हेडमास्तरांच्या देखत त्यांनी मला दोनदा हात धुवायला लावले. "नखांत खडू आहे," म्हणाले. हेडमास्तर हसले, मीही हसलो, पण ती गोष्ट माझ्या मनात राहिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात तिचाही वाटा आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं त्या घरात? कागद होते. जुने फ्रेंच कागद. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिकडच्या चित्रकारांनी तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, सगळी काळी-करडी, रंगाचा ठिपका नाही. नदीवरचा दगडी पूल, विणत बसलेली म्हातारी, ओहोटीला चिखलात कलंडलेली होडकी. मास्तरांना फ्रेंच येत नव्हतं, आणि मुंबईच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते.

सत्तेचाळीस साली साहेब लोक निघाले. मांडव्यापासून किहीमपर्यंत समुद्राकाठी त्यांचे आणि त्यांच्यासारखं राहणाऱ्यांचे बंगले होते. सामानाचे लिलाव झाले. आमच्या लोकांनी खुर्च्या घेतल्या, घड्याळं घेतली, एकाने न्हाणीतला पांढरा टब उचलून आणला आणि त्यात भाताचं बी भिजत घातलं. मास्तरांनी भिंतीवरच्या तसबिरी घेतल्या. लोक म्हणाले, चला, फ्रेमा तरी चांगल्या आहेत. मास्तरांनी त्या फ्रेमा उकलून ज्याला हव्या त्याला देऊन टाकल्या आणि आतले कागद तेवढे ठेवले. त्या दिवसापासून गावाने त्यांना वेड्यात काढलं.

मग त्यांना नादच लागला. पगार झाला की रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि दिवसभर रद्दीवाल्यांच्या ढिगात बसायचे. काही मिळालं तर ते दोन पाटांच्या मध्ये ठेवून, सुतळीने बांधून, वर मेणकापड गुंडाळून आणायचे. परतीच्या लाँचवर बसायला जागा असली तरी बसायचे नाहीत. पाट छातीशी धरून तास-दीड तास उभे. कोळणी मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतत असायच्या. त्यांतली एक नेहमी विचारायची, "मास्तर, पापड हाय काय त्यात?"

"पापडच," मास्तर म्हणायचे. "फ्रान्सचे."

"मंग भिजवू नका. न्हायतर बाय वरडंल."

बाय म्हणजे त्यांची विधवा बहीण, आक्का. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. आक्का त्यांचं घर सांभाळायची आणि त्या चित्रांवर मनापासून राग धरायची. जेवणवेळ टळून गेली आणि मास्तर भिंग घेऊन बसलेलेच असले, की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "त्या गोऱ्या म्हातारीचंही पान वाढू का?"

चित्र दाखवण्याची त्यांची एक पद्धत होती. कागद टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "चित्र नंतर. आधी समास बघा." समास म्हणजे चित्राभोवतीची कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत चित्राच्या चारी बाजूंनी एक बारीक खळगी असायची. छापताना तांब्याच्या पत्र्याची कड ओल्या कागदात रुतते, तिची ती खूण. "ही आहे म्हणजे चित्र खरं. ही नाही म्हणजे कॅलेंडर." मग समासातच खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची फिकट सही दाखवायचे. ती चित्रकाराच्या स्वतःच्या हातची. "हा माणूस मेला त्याला पन्नास वर्षं झाली, पण हा कागद त्याने हातात धरला होता. आता तो तुमच्यासमोर आहे. म्हणून हात धुवायला सांगतो, गुरुजी." हे बोलताना त्यांचा आवाज इतका हळू व्हायचा, की मला उगाचच अवघडल्यासारखं व्हायचं. मला त्या चित्रांत फारसं काही दिसत नव्हतं. ते कबूल करायचं धैर्यही नव्हतं.

मास्तरांची खरी काळजी वेगळी होती. त्यांचं भाड्याचं घर किनाऱ्यालगत होतं आणि समुद्राची खारी ओल कागदावर तांबूस ठिपके पाडत होती. पावसाळाभर ते शेगडीत निखारे ठेवून खोली शेकत बसायचे. वय झालं होतं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. एकदा मला म्हणाले, "माझ्या माघारी आक्का हे सगळं चुलीत घालेल."

"घालीनच," आक्का आतून म्हणाली.

ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस होतो, आणि वाचनालयाने वरचा मजला नुकताच बांधला होता. कोरडा, कौलं नवी. मीच म्हटलं, मास्तर, वाचनालयाला देऊन टाका. आठ दिवसांनी त्यांनी एकेचाळीस चित्रं माझ्या स्वाधीन केली. प्रत्येकाला त्यांनी स्वतः जाड कागदाची पाकिटं शिवली होती. अटी दोनच. चित्रं पाकिटातच कपाटात ठेवायची, आणि नंबर घालायचा तर मागे, पेन्सिलीने. "तुमच्यावर सोडतो," म्हणाले. मी मान डोलावली.

त्याच उन्हाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते मुंबईला पुतण्याकडे गेले. मग पाऊस लागला, लाँच बंद झाली, आणि एसटीचे धक्के डोळ्याला चालायचे नाहीत म्हणून डॉक्टरांनी त्यांना तिथेच ठेवून घेतलं.

इकडे वरच्या मजल्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं. आमचे अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक. त्यांनी कपाट उघडून पाकिटं पाहिली आणि म्हणाले, "अहो, ही कोंडून काय ठेवलीत? भिंती उघड्या आहेत. लावून टाका." मी म्हणू शकलो असतो की मास्तरांची अट आहे. म्हटलं नाही. मंत्री येणार, माझं नाव स्वागतपत्रिकेत चिटणीस म्हणून छापलेलं, आणि भिंती खरंच उघड्या होत्या.

बाजारातल्या फ्रेमवाल्याला बोलावलं. तो देवांच्या आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी करायचा. त्याने दोन-चार चित्रं उलटसुलट करून बघितली. "गुरुजी, फ्रेमा दोनच मापात हायेत. देवाचं माप नि पुढाऱ्याचं माप. कागद मोठा हाय. कडेचा कोरा उडवला की बरोबर बसतोय."

फूटपट्टी मी धरली. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर सगळं त्या बिचाऱ्यावर जाईल. मी गणिताचा माणूस. पेन्सिलीला टोक करून मी एकेचाळीस चित्रांवर कापायच्या रेघा आखल्या. एकही वाकडी गेली नाही. त्याने सुरी चालवली, मोरचूद घालून खळ शिजवली आणि चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. बारीक खळगी गेली, पेन्सिलीच्या सह्या गेल्या, आणि मला काम नीटनेटकं झाल्याचं समाधान वाटलं.

राहिला शिक्का. वाचनालयात आलेल्या प्रत्येक वस्तूवर शिक्का मारायचा हा आमचा नियम. पुस्तकाच्या पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर. तपासनीस आला की शिक्के बघतो, आणि शिक्का नसलेली वस्तू कुणाचीही होते. चित्राला पान एकच, आणि मागे पुठ्ठा चिकटलेला. म्हणून पुढे मारला. गोल, जांभळा, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात. म्हातारीच्या चित्रात तो तिच्या लोकरीच्या गुंड्यावर आला, होडक्यांच्या चित्रात चिखलावर. मास्तरांनी काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं असं नाही. मला चांगलं आठवत होतं. पण शिक्का उचलताना तेही आठवलं, नखांतला खडू आणि हेडमास्तरांचं हसू. जरा बरं वाटलं, हेही खोटं कशाला सांगू?

मंत्री आले, भिंतीकडे एकदा बघितलं, "छान" म्हणाले आणि चहाकडे वळले.

नवरात्रात मास्तर परतले. डोळ्यांवर जाड भिंगांचा नवा चष्मा. आधी घरी न जाता पिशवी घेऊन तसेच वाचनालयात आले. मी वरच्या मजल्यावरच होतो. ते म्हातारीच्या चित्रापाशी गेले आणि काचेला नाक लागेल इतके जवळ उभे राहिले. मग दुसऱ्या चित्रापाशी, मग तिसऱ्या. सगळी भिंत त्यांनी अशी पाहिली.

"समास?" त्यांनी विचारलं.

"फ्रेमेत बसत नव्हतं."

"कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?"

मी फ्रेमवाल्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "कोरा कागद व्हता मास्तर. पेन्सिलीनं कायतरी गिरवलेलं व्हतं कोपऱ्यात, बाकी काय न्हाय. खळ शिजवाया चुलीत घातला."

मास्तरांनी मान हलवली. मग शिक्क्याकडे बोट केलं. बोट काचेला लावलं नाही. "हा कुणी मारला?"

"वाचनालयाचा आहे," मी म्हटलं.

"ते वाचलं. मारला कुणी?"

"मी."

ते पुन्हा वाकले आणि एकेक शिक्का नीट बघितला. "सगळे एका रेषेत आहेत," म्हणाले. "हात चांगला आहे तुमचा."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी माफी मागितली असती, निदान भांडलो तरी असतो. त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते वाचनालयात कधी आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, पावसापाण्याचं विचारायचे, आणि मी घरी बोलावण्याची वाट बघत उभा राहायचो. त्यांनी बोलावलं नाही. आक्का एकदा बाजारात भेटली. मी विचारलं, मास्तर काय करतात? "बसतात," ती म्हणाली. "खिडकीशी बसतात. डोळ्याचं ऑपरेशन उगाच केलं." तिला त्या चित्रांचा राग होता असं मी इतकी वर्षं समजत होतो. बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला तेव्हा कळलं की तिचंही काहीतरी गेलं होतं.

दोन वर्षांनी मास्तर तापाने गेले. शोकसभा वाचनालयातच झाली, त्याच भिंतीखाली. अध्यक्ष उभे राहिले आणि चित्रांकडे हात करून म्हणाले, "मास्तरांनी आपल्या कुंचल्याने रेखाटलेली ही चित्रं त्यांची आठवण देत राहतील." सभेत निम्मी शाळा होती. कुणाला तरी ठाऊक असेलच. मला तर नक्कीच होतं. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं, आणि मी अध्यक्षांचे आभार मानले.

यानंतर काही वर्षांनी, चौसष्ट-पासष्टच्या सुमारास, मुंबईहून एक गृहस्थ आले. किहीमला मित्राच्या बंगल्यावर उतरले होते, पावसामुळे अडकले म्हणून वेळ घालवायला आमच्याकडे डोकावले. वर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. मी बघायला गेलो तर त्यांनी म्हातारीचं चित्र खिळ्यावरून उतरवून उजेडाला धरलं होतं.

"हे कुठून आलं इथे?" ते म्हणाले. "अहो, हे अस्सल आहे. हा पूलही. ती होडकीसुद्धा. पॅरिसमध्ये अशी चित्रं लोक तिजोरीत ठेवतात." मग त्यांनी फ्रेम उलटी केली, सुलटी केली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "समास कापलाय. सही कापलीय. वर शिक्का. एकूण एक चित्राचं हे केलंय. आता याला काही अर्थ राहिला नाही. कुणी केलं हे?"

खाली टेबलावर शिक्का होता. शाईची डबी होती. मी एवढंच म्हणायचं होतं की मी केलं. मास्तर नव्हते, अध्यक्ष नव्हते, फ्रेमवालाही गाव सोडून गेला होता. माझं काही बिघडणार नव्हतं.

"ज्यांनी जमवली त्यांनीच करून घेतलं," मी म्हणालो. "आमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. वारले. हौस होती त्यांना, पण यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं."

ते गृहस्थ हळहळले. जुन्या चित्रांवर ते काही लेख लिहीत होते, म्हणाले, आणि अडाणी हातांत पडून चित्रांचं काय होतं याचा त्यात हा मासला घालणार होते. खिशातून वही काढली, पेन उघडलं.

"काय नाव त्यांचं?"

मी नाव सांगितलं. आडनावाशी ते अडले, तेव्हा स्पेलिंगही सांगितलं.