अक्काच्या कादंबऱ्यांसाठी धारवाडला

मिरजेहून सकाळच्या गाडीत बसले, ती थोरल्या बहिणीला हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून. वाटेत तिचाच फोन आला.

"डॉक्टरांना कालच दाखवून आले. नजर हळूहळू जाणार म्हणाले. तू ये, आपण धारवाडला जाऊ. मला कादंबऱ्या घ्यायच्यात."

अळणावर स्टेशनच्या अलीकडे गाडी रानातून जाते. खिडकी मिळवाच. हातांवर हिरवा उजेड सरकत होता आणि मला जुन्या हुबळीतल्या कापडाच्या दुकानात बसलेली अक्का दिसत होती. गिऱ्हाईक नसलं की साप्ताहिकातली गोष्ट वाचणारी. थोर म्हणतात ती पुस्तकं तिनं नेहमी सवडीवर टाकली होती.

हुबळी-धारवाड जलद बसला वेगळा रस्ता आहे, तिकीटही बेताचं. पुस्तकांच्या दुकानात दुपार कशी सरली कळलंच नाही. दुकानदार रशियन, बंगाली कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद काढून देत होते. अक्का दाराच्या उजेडात पहिलं पान वाचायची.

"ही थोर असेल की, पण मला आत घेईना." एक परत गेली.

मी ठळक अक्षरांचं, छोटं काही शोधत होते.

"जाडच बघ गं," ती म्हणाली.

मग तिनं सगळ्यात जाड कन्नड कादंबरी उचलली. बारीक टाइप.

"हे संपायचं नाही तुझ्यानं," मी बोलून गेले.

तिनं पान उलटलं. मग म्हणाली, "उरलेलं तू वाचून दाखव."

"अक्का, मी कन्नड बोलते. वाचता कुठं येतं मला?"

"दिसतंय तोवर शिकवते की."

त्या कन्नड कादंबरीच्या दोन प्रती घेतल्या, शिवाय तीन अनुवाद. बाहेर झाडाखाली गिरमिट खाल्लं. चुरमुऱ्यांचं ते तिखट, ओलसर मिश्रण धारवाडात चुकवू नका. खाऊन झाल्यावर तिनं माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढली. वाऱ्यानं पानं हलत होती, आणि मी चाळिशी ओलांडून पुन्हा पहिलीत बसले होते.

घरी आल्यापासून रोज संध्याकाळी फोनवर मी वाचते. अक्का समोर तेच पान धरून चुका काढते. कादंबरीतल्या गावाचा नदीकाठ आता माझ्याही ओळखीचा झालाय. मी एकटी गेले असते तर हे पुस्तक हातातही घेतलं नसतं.

काल एक अख्खं पान वाचलं. पलीकडून एकही चूक निघाली नाही.

"बरोबर वाचलं ना गं?"

"काय की," अक्का म्हणाली. "मला आता अक्षर लागेना. थांबू नको, वाच पुढं."