बर्फाच्या टेबलावरचा माणूस

ऑफिसात त्याला सगळे 'नरोवा' म्हणत. 'नरो वा कुंजरो वा' करणारा, ताकास तूर लागू न देणारा माणूस, म्हणून नरोवा. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. पण ते इतकं चपखल बसलं होतं, की पगाराच्या पाकिटावर आपलं खरं नाव दिसलं की तोच क्षणभर बुचकळ्यात पडे.

काम देशोदेशींची वर्तमानपत्रं वाचण्याचं. वाचायची आणि दर आठवड्याला त्यांचा गोषवारा लिहून द्यायचा. तो विमा कंपन्या घेत, जहाज कंपन्या घेत, एकदोन विद्यापीठंही घेत. लांबलचक खोलीत प्रत्येक टेबलाला एक विषय वाटून दिलेला. गव्हाचं टेबल, तेलाचं टेबल, आणि हीटरपासून सर्वांत लांब, खिडकीच्या फटीशी, बर्फाचं टेबल. त्यावरचा विनोद प्रत्येक नव्या माणसाने पहिल्याच दिवशी करून झालेला असे.

बर्फ म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांचा. तो वितळतोय का, किती, कुणाच्या पापाने आणि आता करायचं काय, यावरून संपादकांची जुंपलेली. नरोवाचे केस काळे होते तेव्हापासून तो ही भांडणं वाचत आला होता. बर्फ पातळ झाल्याचा एकच अहवाल एकाच दिवशी सगळीकडे पोचे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप निराळं. जहाजं बांधणाऱ्या देशात तो व्यापाराच्या पानावर: नवा मार्ग खुला होणार, माल लवकर पोचणार. पाण्यातून जेमतेम डोकं वर काढलेल्या एका बेटावर तो पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत. कोळसा विकणाऱ्या देशात तो शब्दकोड्याच्या शेजारी, आणि खाली कुणा निवृत्त प्राध्यापकाचं पत्र, की असले उन्हाळे माझ्या आजोबांनीही पाहिले होते. बर्फाच्या काठावरच्या एका गावच्या छोट्या वर्तमानपत्रात अहवाल नसेच. तिथे फक्त सूचना असे, की गोठलेल्या खाडीवरून यंदा गाडी नेऊ नका, शाळामास्तरांची बुडाली आहे. बाकी सगळे दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखवण्यात पटाईत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे कुठल्याही भाषेत शिकवावं लागत नाही.

ऑफिस चालवणाऱ्या बाईंचा नियम कडक होता. गोषवाऱ्यात 'मी' येता कामा नये. एका बाजूला चार ओळी दिल्या तर दुसरीलाही चारच. वाचून लिहिणाऱ्याचं मत कळलं की कागद परत. इतरांना हा जाच वाटे. नरोवाला मात्र तो असा मानवला, की तो नियम त्याने घरीही नेला.

"जेवणात मीठ कमी आहे का विचारा," त्याची बायको शेजारणीला सांगे, "हे आधी मिठाचे फायदे सांगतील, मग तोटे. तोवर जेवण गार!"

त्यांना एकच मुलगी. ती इस्पितळातले जनरेटर दुरुस्त करायची आणि कामात वाघीण होती. एके दिवशी तिला दक्षिण टोकाच्या बर्फावरच्या एका संशोधन तळावरून बोलावणं आलं. दोन हिवाळे तिथे राहून जनरेटर चालू ठेवायचे. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

आई म्हणाली, "जा. पण फोन लागला नाही की मी रडणार, आणि लागला की ते तुला ऐकवणार."

मग मुलीने बापाला विचारलं, "बाबा, तुला काय वाटतं? जाऊ का?"

तिथल्या बर्फाला पडलेल्या भेगांबद्दल तो वर्षानुवर्षं वाचत होता. नको, हा एकच शब्द ओठांवर आला होता. पण इतक्या वर्षांच्या सवयीने तो गिळला. "उद्या सांगतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, त्याने जे येत होतं ते केलं. त्याने गोषवारा लिहिला. जहाजवाल्या देशाच्या वर्तमानपत्रानुसार आजचे तळ पूर्वीपेक्षा सुरक्षित आहेत. बेटावरच्या पत्राला तिथे माणूस ठेवणंच वेडेपणाचं वाटतं. कोळशावाल्यांच्या मते भेगांचा गवगवा फार झाला. एकीकडे अनुभव आणि मान, दुसरीकडे थंडी आणि अंधार. दोन्ही बाजूंना ओळी सारख्या. संध्याकाळी त्याने ते दोन कागद मोठ्या अभिमानाने तिच्या हातात ठेवले. शहाणा माणूस!

वाचताना ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"यात तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"ही वर्तमानपत्रं झाली, बाबा. मी पेपरला नव्हतं विचारलं."

"माझं मत तुझ्यावर लादायला नको म्हणून..."

"लादायचं ना जरा. एकदा तरी!"

सकाळी तिने होकार कळवून टाकला. नरोवाला वाटलं, चला, पोरीने स्वतःच्या डोक्याने ठरवलं. दोन दिवस तो या समाधानात वावरला. तिसऱ्या दिवशी बायकोने त्याच्या हातातला पेपर काढून घेतला.

"होकार कळवल्यावर माझ्यापाशी येऊन रडली ती. म्हणाली, मी गेले काय नि राहिले काय, बाबाला सारखंच."

"सारखंच? असं कुठे लिहिलंय मी?"

"दोन्हीकडे सारख्या ओळी लिहिल्यात ना? मग?"

तो उठून मुलीच्या खोलीत गेला. पलंगभर लोकरीचे मोजे पसरून ती बॅग भरत होती. त्याने सुरुवात केली, "एकीकडे..." आणि त्याची जीभ अडली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"बाबा, मी सही करून बसलेय."

"माहीत आहे. ती मोडू नकोस. पण तू जाऊ नयेस असं वाटतं मला. तिथला बर्फ पातळ झालाय, मी रोज वाचतो, मला भीती वाटते. आणि भीती नसती तरी हेच म्हटलं असतं. मला करमणार नाही तुझ्याशिवाय."

या माणसाला ती जन्मापासून ओळखत होती, म्हणून पुढचं ऐकायला थांबली.

"आणि दुसरी बाजू?" शेवटी तिनेच विचारलं.

"दुसरी बाजू नाही."

तिने मोजे बाजूला सारले आणि त्याला बसायला जागा करून दिली.

ठरल्या दिवशी ती गेलीच. त्याच्या सांगण्याने ते काही बदललं नाही. निघताना आईच्या गळ्यात पडून झालं, मग ती त्याच्यापाशी आली.

"करमवून घेऊ नकोस हं, मी येईपर्यंत," ती म्हणाली.