नदी पातळ केली त्याची गोष्ट

नाल्यातला गाळ आणि कचेरीतले किस्से, दोन्ही साचतच जातात. उपसणारा कोणी नसतो. मी ग्वाल्हेर संस्थानात इंजिनियर होतो तेव्हाचे हे किस्से. तिथल्या लष्कर नावाच्या पेठेत नदीकाठी घाट आणि बगीचा करायचा होता. समोरच्या सखल काठावर धोब्यांची बस्ती होती.

*

आमचे मोठे साहेब, दादासाहेब, जागा पाहायला भर उन्हाळ्यात आले. बूट न भिजवता पार मध्यापर्यंत चालत गेले आणि मला म्हणाले, "पंत, कुठे आहे तुमची नदी?"

"साहेब, आपण तिच्यातच उभे आहोत!"

*

बापूराव ड्राफ्ट्समनच्या नकाशात पात्र अरुंद दिसलं. विचारलं तर म्हणाला, "बँडस्टँड बसत नव्हता हो पंत. नदी जरा पातळ केली."

"कागदावरच ना?"

"अहो, मंजूर झाली!"

*

मी मीटिंगमध्ये म्हणालो, की घाटाची भिंत पात्रात इतकी पुढे आली तर पाणी समोरच्या बस्तीत शिरेल. पुराला थोडी जागा मोकळी ठेवू.

दादासाहेब हसले. "पंत, तुम्ही कॉलेजात शिकलात की कीर्तनात? प्रत्येक गोष्टीचा शेवट प्रलयच!"

सगळे हसले. मी घरी जाऊन हिशेब पुन्हा मांडला. माझंच चुकलेलं निघावं, अशी फार इच्छा होती. उत्तर तेच आलं. तरी वाटे, एवढे लोक हसतात म्हणजे आपलंच काही तरी चुकत असणार.

*

गेंदालाल, आमचा धोबी, त्याच बस्तीत राहायचा. भिंत बांधून झाल्यावर त्याला म्हटलं, "गेंदालाल, पावसाळ्यापुरतं तरी दुसरीकडे राहा."

"अरे पंतजी, नदी से हमारी पुरानी पहचान है!"

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, पूर येणार अशी एवढी खात्री असेल, तर आधी आपली धोतरं मागवून घ्या!"

*

श्रावणात पूर आला. ओसरल्यावर दादासाहेब पाहणीला आले. बगीच्यातला एक गुलाबही मोडला नव्हता. समोर मात्र बस्ती नव्हतीच, नुसता चिखल. माणसं वाचली होती, ती आमच्या नव्या भिंतीवर ओळीनं बसली होती.

दादासाहेबांनी भिंतीवर काठी आपटली. "पाहा पंत, ओरखडासुद्धा नाही!" मग भिंतीवरच्या गेंदालालकडे वळून मोठ्या मनानं म्हणाले, "बोल, क्या चाहिए?"

गेंदालालनं हात जोडले.

"सरकार, अब की बार हमको भी बगीचा बना दीजिए."