एक भाकर, एक चानकी

येवल्याच्या एसटी स्टँडवर आई मला सोडायला आली तेव्हा तिच्या काखेत एक पोतं होतं आणि पोत्यात रॉकेलचा स्टोव्ह. स्टोव्हला गुंडाळलेल्या जुन्या लुगड्यात एक लहानसा तवा आणि दोन पातेली. नाशिकची गाडी लागली तशी तिनं पोतं माझ्या पायांशी सरकवलं आणि खिडकीखाली उभी राहिली. एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट असेल. मी बावीस वर्षांची होते. रडारड काही झाली नाही, कारण मी जातेय यानं घरातल्या सगळ्यांना थोडं हायसं वाटलं होतं आणि ते लपवण्यातच सगळ्यांचा वेळ गेला.

"सुमीचं जमू दे. जमलं की लगेच बोलावते तुला," आई म्हणाली. मग गाडी हलायच्या बेताला आल्यावर, "अन् शैले, रेशन कार्डावरनं नाव नाय काढायचं. कार्डावर नाव हाय तवर तू घरातलीच हायेस."

सुमी माझी धाकटी बहीण. तिला बघायला आलेली दोन स्थळं मला बघून परत गेली होती. माझ्या बोटांवर सोळाव्या वर्षी पांढरे डाग उमटले. आधी उजव्या करंगळीवर, मग वर्षाभरात दोन्ही हातांना मनगटापर्यंत. कोड लागत नाही, असं मनमाडच्या डॉक्टरनं आईला नीट समजावून सांगितलं होतं. पाहुण्यांना ते कोण सांगणार? डाग दिसले तेव्हापासून मी चुलीजवळ जायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. पिठाची परात माझ्यापुढून उचलली गेली, एवढंच आठवतं.

गंमत अशी की आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत चूल. मागावर माझ्या हातांना कुणाची हरकत नव्हती. मी कांड्यांवर रेशीम भरायचे, पुढे पदरावरचे मोर काढायला लागले, आणि मोर माझ्यासारखे थोरल्या भावाला, दादालासुद्धा जमायचे नाहीत. माझ्या हातचा पदर कुठल्या कुठल्या नवऱ्या मुलींच्या खांद्यावर गेला असेल. त्याच मुलींच्या घरच्यांनी माझ्या हातचा पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नसता.

तरी पोरीला स्वयंपाक यायला पाहिजे, हे आईच्या डोक्यातून गेलं नाही. मी पुढच्या खोलीत मागावर आणि ती मागच्या खोलीतून ओरडून सांगायची. "कांदा गुलाबी झाला गं, आता लसूण टाकते." "बघ, फोडणी थांबली तडतडायची, आता पाणी." बघायला मला काहीच नव्हतं, नुसता आवाज आणि वास. सहा वर्षं मी असा कानांनी स्वयंपाक शिकले. हाताला पीठ न लागता मला पुरणाची पोळीसुद्धा तोंडपाठ होती.

नाशकात सातपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि सिडकोत एक खोली घेतली. पहिल्या संध्याकाळी स्टोव्हला पंप मारला आणि आयुष्यातली पहिली आमटी केली. आईचा आवाज डोक्यात चालू होता, त्यात काही चुकलं नाही. चुकलं ते एवढंच, की आईचा आवाज नऊ माणसांचा स्वयंपाक सांगत होता. आमच्या घरात आम्ही नऊ जण, काका-काकूंची पोरं धरून. माझ्याकडे तेवढंच मोठं पातेलं असतं तर मी तेवढीच आमटी केली असती. नव्हतं म्हणून आमटी स्टोव्हवर उतू गेली आणि स्टोव्ह विझला. उरलेली आमटी मी तीन दिवस खाल्ली. मग बसून एकेका गोष्टीला नवानं भागलं. तांदळाला भागता येतं, डाळीला येतं. चिमूटभर हिंगाचा नववा हिस्सा कसा काढायचा, हे मात्र कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

एका माणसाचा स्वयंपाक हे वेगळंच शास्त्र आहे, आणि ते मला पुढे चांगलं अवगत झालं. कांदा घ्यायचा तो गोलटी. मार्केटात व्यापारी हा लहान कांदा बाजूला काढून टाकतात, त्याला गिऱ्हाईक नसतं. पण एका जेवणाला एक कांदा नेमका पुरतो आणि चिरून उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी वास मारत बसत नाही. पिठलं करायचं तर लोखंडाच्या पळीत फोडणी, दोन चमचे बेसन, आणि गार होण्याआधी ताटात. मेथीची जुडी चार दिवस पुरवायची, पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी पिठात, तिसऱ्या दिवशी डाळीत, चौथ्या दिवशी देठं. हे सगळं करून ताट वाढून घेतलं की मी पाटावर बसून नीट जेवायचे. उभ्याउभ्या खाल्लं नाही कधी. चवीला म्हणाल तर आईच्या तोडीचं व्हायचं, पण हे मी माझ्या तोंडानं सांगतेय. दुसरं सांगणारं कुणी नव्हतं.

भाकरीचा एक नियम आईनं घालून दिला होता. एकच भाकर तव्यावर टाकायची नाही. एक भाकर टाकतात ती गेलेल्या माणसाच्या पानासाठी. पिठाचा शेवटचा गोळा ठेवून त्याची लहानशी चानकी तरी करायची, आल्यागेल्याला, लेकराला, मुक्या जिवाला. घरी चानकीसाठी आम्हा पोरांत मारामारी व्हायची. सिडकोत मी रोज एक भाकर करायचे आणि एक चानकी, आणि कुणी आलं-गेलं नाही की चानकी कुस्करून बाहेरच्या पत्र्यावर टाकायचे. दोन कावळे ठरलेले होते. त्यांनी माझ्या हाताला कधी नाक मुरडलं नाही.

कारखान्यात आम्ही सगळ्याजणी रबरी हातमोजे घालायचो. आठ तास माझे हात इतरांच्या हातांसारखेच दिसायचे आणि त्या आठ तासांवर मी फार खूष होते. हातमोजे निघायचे ते जेवणाच्या सुट्टीत. डबे गोल करून उघडायचे, एकमेकींच्या भाज्या फिरायच्या. माझ्या शेजारी देवळाली कॅम्पहून येणारी मंदा बसायची, स्वभावानं खरोखर चांगली. तिला माझी भाजी पुढे केली की म्हणायची, "आज उपवास हाय गं माझा." सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, मंदाला सगळे देव पावलेले. शुक्रवारी तिला पोटात मुरडा यायचा. तिला खोटं बोलायचा त्रास नको म्हणून मीच विचारणं सोडलं.

रॉकेल कार्डाशिवाय मिळत नसे. रेशनच्या कचेरीत गेले तर खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "आधी घरच्या कार्डावरनं नाव कमी केल्याचा दाखला आणा. त्याशिवाय नवं होत नाही." मी दादाला पत्र टाकलं. उत्तर आईनं सुमीकडून लिहून घेतलं होतं: "नाव मेलेल्याचं कमी करत्यात. तू येणार हायेस ना घरी? मग दाखला कशाला?" ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल. रॉकेल काळ्या बाजारातून घेतलं, जास्तीचे पैसे मोजले आणि मनातून आनंदात राहिले. मला दाखला मिळत नव्हता म्हणजे मी अजून कमी झाले नव्हते.

आणि साखर यायची. तेव्हा कार्डावर माणशी साखर मिळे. आई माझ्या नावची साखर घरात वापरायची नाही, एका पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवायची. दादा साड्यांचा माल घेऊन नाशकात आला की दारातच डबा पुढे करायचा. "आईनं दिलीय. तुझी साखर." आत ये म्हटलं की त्याची बस निघायची असायची. त्या साखरेचा मी शिरा करायचे, वाटीभर रव्याचा, एका माणसाचा. पुढे सरकारनं दारिद्र्यरेषेच्या वरच्या आमच्यासारख्यांची साखर बंद केली, पण डबा यायचा थांबला नाही. रेशनची साखर मळकट आणि जाड दाण्याची असायची. आता येत होती ती पांढरीशुभ्र, दुकानातली. आईला वाटत असावं मला कळणार नाही.

सुमीचं लग्न झालं. इगतपुरीचा मुलगा, रेल्वेत. मला अक्षतांना बोलावलं, हळदीला नको म्हणाले. तिच्या अंगावरच्या पैठणीचे मोर मी निघायच्या आधी काढलेले होते, ते मी मांडवाच्या कडेला उभी राहून ओळखले. संध्याकाळी आईजवळ बसले. मीच म्हटलं, "आता येऊ का?" ती म्हणाली, "दादाचं होऊ दे." दादाचं झालं. मग वहिनीच्या माहेरचे येत-जात होते. मग दादाला मुलगी झाली. त्या मुलीच्या लग्नापर्यंत थांबावं लागणार हे मला बारशातच समजलं. आशा सुटायला काही फार मोठं कारण लागत नाही.

आई नाशकात एकदाच आली, डोळ्याच्या ऑपरेशनला. आदल्या दिवशी दादानं तिला माझ्या खोलीवर आणून सोडलं आणि तो बाहेरची कामं उरकायला गेला. दहा वर्षं झाली होती. मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते. बाजरीची भाकर, दाण्याची आमटी, भाजलेली गोलटी, मिरचीचा ठेचा, आणि तिच्याच साखरेचा शिरा. प्रथमच दोन ताटं मांडली. आयुष्यात एवढी घाबरून मी कधी स्वयंपाक केला नाही.

आई ताटावर बसली. मग तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेला डबा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. "मी आणलंय गं माझं. दुसऱ्या हातचं सोसत नाय आता." तिनं तिची भाकर मोडली. मी माझी मोडली. मध्येच ती मान न उचलता म्हणाली, "दाणे जरा जास्त भाजले का? वासावरनं वाटतंय." खरंच जास्त भाजले होते. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण तिनं माझा सगळा स्वयंपाक वासानं तपासला आणि चूक बरोबर काढली. जसं मला शिकवलं, तसंच. तोंडात मात्र घास घातला नाही.

दादा न्यायला आला तेव्हा मी सवयीनं केलेली चानकी टोपल्यात होती. आईनं ती उचलली आणि पदराच्या टोकात बांधली. "गाडीत खाईन," म्हणाली. ऑपरेशनवरून ती परस्पर येवल्याला गेली. तिनं ती खाल्ली की टाकली, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि ते मला नको होतं.

दोन वर्षांनी ती गेली. दहाव्याला तिच्या पानावरची भाकर मी करते म्हणाले. काकू हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. कावळा शिवायचा नाय." नाशकातले कावळे माझ्या हातचं रोज खात होते, हे त्यांना सांगून काय उपयोग होता? मी पुढच्या खोलीत जाऊन बसले. आतून फोडणीचा आवाज आला, पण आता काय टाकलं ते सांगणारं आत कुणी नव्हतं.

महिन्याभरानं दादाचं पाकीट आलं. "नवीन कार्ड करायचं होतं. तुलाही तिकडं लागेल, म्हणून पाठवतोय," एवढंच लिहिलं होतं. सोबत दाखला. खालील व्यक्तींची नावे कमी करण्यात आली आहेत, आणि खाली दोन नावं. आईच्या नावापुढे कारण लिहिलं होतं, मयत. माझ्या नावापुढे, स्थलांतरित. दोन्ही एकाच हस्ताक्षरात, एकाच शिक्क्याखाली. दादाचा राग आला नाही. तो वाईट माणूस नाही. त्यानं कागद नीट केले. पण मी त्या दिवशी कामावर गेले नाही.

त्या दाखल्यावर मला कार्ड मिळालं, पुढे गॅसही मिळाला. खिडकीत आता दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "घरात खाणारी माणसं किती?" मी एक म्हणाले. "आणखी कुणाचं नाव घालायचं?" त्यांनी पुन्हा विचारलं. रांगेतले लोक बघत होते. मी नाही म्हणाले.

जे येवल्यात राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना घर म्हणजे काय हे मी सांगायला नको. मी बारा वर्षं एका कार्डावरच्या एका ओळीला घर समजत होते, आणि ती ओळ कुणीतरी पट्टी धरून सरळ रेघेनं कापली. आता जे आहे ते सिडकोतली खोली, एका माणसाची भांडी आणि ज्यावर एकच नाव आहे असं कार्ड.

कार्ड आलं त्या संध्याकाळी मी पीठ घेतलं ते मोजून, एका भाकरीचं. परातीत गोळा उरला नाही. भाकर चांगली फुगली, पापुद्रा सुटला, आई असती तर वासावरनं म्हणाली असती, जमली. पत्र्यावर कावळे वाट बघत होते. मी तवा उतरवला, पाटावर बसले आणि ती एक भाकर पोटभर जेवले.