ओढ्यापलीकडची दुलई

लाउटरग्रून गावाच्या मधून एक ओढा जातो. पोरानं उडी मारली तर पलीकडे जाईल, एवढाच. कुण्या जुन्या सरदारांनी त्याला बव्हेरिया आणि थुरिंगियाची हद्द ठरवलं होतं, पण सोयरिकी, भांडणं, उसनं दूध सगळं त्याच्यावरून बिनधास्त ये-जा करायचं. महायुद्ध संपलं, अलीकडे अमेरिकन बसले, पलीकडे रशियन, आणि त्या मेल्या ओढ्याला एकाएकी भाव आला. आधी तारेचं कुंपण झालं, मग भिंत. एवढी मोठाली सरकारं, पण अक्कल बघा.

ओटिली अलीकडे राहिली. तिची थोरली बहीण हिल्डे लग्न होऊन पलीकडे गेली होती, हाकेच्या अंतरावर. हिल्डेचा नवरा एरहार्ट पोलिसात होता. पश्चिमेतल्या मेहुणीला चिठ्ठी धाडली असती, तरी त्याची नोकरी गेली असती. भिंतीवरून नुसता हात हलवला तरी पलीकडच्यांना चौकीवर बोलावणं यायचं.

पण अंथरुणाला हवा दाखवायला कोण बंदी घालणार? भिंतीवरून हिल्डेच्या माडीची खिडकी तेवढी दिसायची, आणि रोज सकाळी तिथे तांबड्या चौकड्यांची पिसांची दुलई लोंबायची. आईनं लग्नात दोघींना सारख्याच दिल्या होत्या. ओटिलीनं आपली बाहेर टाकली, की थोड्या वेळानं समोरची यायची. ती दिसेपर्यंत ओटिलीला कॉफी गोड लागत नसे.

एका हिवाळ्यात समोरची खिडकी बंदच राहिली. ओटिलीचं जेवणावरचं मन उडालं. नवरा समजूत घालायचा, पडसं झालं असेल, किती जीवाला घोर लावून घेशील. वसंतात एका सकाळी दुलई पुन्हा दिसली, तेव्हा ती तिथेच मटकन बसली आणि पोटभर रडली. आमची ताई खमकी आहे, असं मग ती गावभर सांगत सुटली. पुढे नवरा गेला, गुडघे गेले, पण सकाळची ती भेट चुकली नाही.

आणि एके दिवशी भिंतीला दार पाडलं. ओटिली सफरचंदाचा केक घेऊन, काठी टेकत ओढ्यापलीकडे गेली. दार एका अनोळखी बाईनं उघडलं. तिचं नाव मार्गिट, एरहार्टची दुसरी बायको. तिनं ओटिलीला बसवलं, पाणी दिलं आणि जपून सांगितलं, की खिडकी बंद होती त्याच हिवाळ्यात हिल्डे न्यूमोनियानं गेली आणि वसंतात मार्गिट या घरात आली. निरोप धाडायची एरहार्टची छाती झाली नाही. आता तोही राहिला नव्हता.

"मग दुलई?" ओटिलीनं विचारलं.

"घरातच होती. चांगली उबदार आहे हो," मार्गिट म्हणाली. मग जरा ओशाळून हसली. "तुमची बाहेर दिसली की मी माझी काढायचे. म्हटलं, समोरच्या बाईंना हवेचा अंदाज बरोबर असतो."

हवी तर घेऊन जा, असंही ती म्हणाली. भली बाई होती, तिचा काय दोष. ओटिलीनं नको म्हणून मान हलवली, केक टेबलावर ठेवला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. ओटिलीनं खिडकी उघडली नाही, पडद्याआड नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळानं समोरची खिडकी उघडली. मार्गिटनं आधी इकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि दुलई बाहेर टाकली.