उजव्या हातातल्या बांगड्या

मी थळ सोडलं त्या सकाळी माझी ट्रंक दारात बांधून ठेवली होती, अंगणात अलिबागहून आलेला फोटोग्राफर कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होता आणि माझ्या आईच्या मनगटातून रक्त वाहत होतं. पुण्याच्या कॉलेजला निघालेली मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि काही बोलत नव्हते.

रिया, अर्णव, तुम्ही मेलबर्नहून आजीला पाठवलेली यादी मिळाली. डिसेंबरमध्ये थळच्या किनाऱ्यावर फॅमिली फोटोचं सेशन, सगळ्यांना क्रीम आणि निळा, मला ऑफ-व्हाइट सिल्क आणि ‘दोन्ही हातांत मॅचिंग बांगड्या’. खाली रियानं आपल्याकडचा तो जुना फोटो जोडून विचारलं आहे, “पणजीनं उजवा हात पदराखाली का लपवलाय? लाजत होती का?”

नाही, लाजत नव्हती. क्रमानं सांगते.

आमच्या कोळ्यांच्या लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून समुद्राला देत. त्या हातात पुन्हा काच भरायची नाही. तो हात दर्याचा, म्हणून दर्या नवऱ्याला परत पाठवतो. आईच्या डाव्या हातात हिरवा चुडा असे, उजव्यात फक्त चांदीचं कडं.

तो फोटो मी हॉस्टेलवर नेणार होते. कोणी काय घालायचं ते मीच ठरवलं होतं, तुमच्यासारखं, यादी करून. बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, धुतलेला सदरा, आईला जांभळं लुगडं. एकाच गोष्टीची मला लाज वाटत होती. पुण्याच्या मुली विचारतील, हिचा एक हात मोकळा का? म्हणून मी डझनभर बांगड्या आणून ठेवल्या होत्या.

“बाय, यो हात दर्याचा हाय गो,” आई म्हणाली.

“आई, अंधश्रद्धा आहे ती. फोटोपुरत्या घाल.”

ती हसली. “शिकलेली पोर माजी! भर. बापूस येयाच्या आगुदर काढ म्हंजे झाला.”

मी तिच्या उजव्या हातात त्या भरल्या. पण बा होडीवरून लवकर आला. त्याचा थोरला भाऊ त्याच पावसाळ्यात समुद्रात गेला होता. प्रेतसुद्धा मिळालं नव्हतं. बानं आईचा हात पाहिला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“या कोनी भरल्या?”

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि ‘नको’ म्हणून मान किंचित हलवली. “मिनीच भरल्या,” म्हणत तिनं ते स्वतःवर घेतलं.

“माजा भाऊस गेला तवा पोट भरला न्हाय तुजा? आता मना धाडतेस?”

त्यानं तिचे केस धरले, मनगट धरलं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. काच फुटत होती आणि फुटलेली काच आत जात होती. आई ओरडली नाही. तिचं डोकं चौकटीला लागलं तो आवाज मला आजही ऐकू येतो. पुढे वर्गात कुणी जोरानं डस्टर आपटलं की मी शिकवता शिकवता थांबत असे. एकही बांगडी शाबूत राहिली नाही तेव्हा तो थांबला. मग खाली बसला, तिचा हात तोंडाशी नेला आणि दातांनी एकेक तुकडा ओढून काढू लागला. रडत होता. त्याच्या ओठांवर तिचं रक्त होतं.

फोटोग्राफर सामान आवरू लागला. “थांब,” बा म्हणाला. “पोर चालली माजी. काढ फोटो.”

आईनं हाताला फडकं गुंडाळलं, वर पदर घेतला. तोच हा फोटो.

एसटीपाशी ती मला म्हणाली, “तू बोलली असतीस तं तुना जावाला दिला नसता.” एवढंच. तिनं माझं शिक्षण त्या मनगटावर घेतलं होतं.

दिवाळीत घरी आले तर तिची दोन बोटं मिटत नव्हती. ती डाव्या हातानं मासे कापायला शिकली होती. बा त्या बोटांना रोज तेल चोळायचा आणि कशाला सुचलं तुला ते, असं विचारायचा, “कला बुद्धी झाली गो तुना?” ती म्हणायची, “झाली खरी.” बांगड्या कोणी भरल्या ते न कळताच तो गेला. पाठोपाठ तीही. मी पुण्यात इंग्रजी शिकवलं, हजारो मुलींना ‘खरं बोला’ असं फळ्यावर लिहून दिलं.

तुम्ही क्रीम घाला, निळा घाला, मी काही म्हणणार नाही. मला मात्र माझ्या हातांपुरतं मोकळं सोडा, आणि कॅमेरा लावण्याआधी पाच मिनिटं द्या. थळला आता आमचं छप्पर नाही. त्या जागी कुणाचं तरी दुमजली घर आहे, मागे कारखान्याची धुरांडी. पुण्याच्या फ्लॅटवर माझ्या नावाची पाटी आहे. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं की मला फक्त ती चौकट दिसते, आणि तिथे न बोललेले दोन शब्द. ते मला त्या वाळूवर, मोठ्यानं, आमच्याच बोलीत बाला सांगायचे आहेत: “मिनी भरल्या.”