नत्थुजींनी शाळा सोपवली

बोरखेडीच्या नत्थुजी गावंड्यांनी गोठ्यातले बैल बाहेर कडुलिंबाखाली बांधले आणि गोठ्यात पोरं बसवली, त्या वर्षी आसपासच्या गावांना हसायला एक विषय मिळाला. तिवस्याच्या बाजारात कोणी भेटलं की हमखास विचारायचं, "कसं काय नत्थुजी, बैल पास झाले का?" नत्थुजी रागवत नसत. "बैल तं पासच होते बाप्पा," ते म्हणायचे, "आता पोट्ट्यायचं पाह्यतो."

तो काळच तसा होता. देश नुकताच आपला झाला होता, वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं, आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांना वाटे की मनावर घेतलं तर काहीही उभं करता येतं. मोझरीच्या आश्रमात जाऊन आलेली तरुण मंडळी पहाटे प्रार्थना म्हणत आणि प्रार्थना संपली की टिकास-फावडी घेऊन रस्ता करायला निघत. बोरखेडीत तालुक्याच्या जनपद सभेची शाळा होती, पण चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर नाला ओलांडून तिवस्याला जायचं, आणि पावसाळ्यात तो नाला वाट देत नसे. मुलगे पाचवीत नाव घालायचे आणि पोळ्यापर्यंत कंटाळून घरी बसायचे. मुलींच्या बाबतीत तर कोणी विचारही करत नव्हतं.

नत्थुजींची मुलगी मैना चौथीत पहिली आली आणि पुढच्याच आठवड्यापासून आईबरोबर निंदणाला जाऊ लागली. ती रडली नाही. फक्त संध्याकाळी ओसरीवर बसून आपलं जुनंच पुस्तक पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायची. आत जेवायला बसलेल्या नत्थुजींना ते सगळं ऐकू यायचं. त्यातूनच शाळा निघाली.

सरकारचं धोरण तेव्हा असं होतं की शाळा तुम्ही काढा, मास्तर तुम्ही नेमा, कारभार तुम्ही पाहा. आमचे नियम पाळलेत तर मान्यता देऊ आणि खर्चाला अनुदानाचा हातभार लावू. नत्थुजींना हे फार आवडलं. त्यांनी गावचं एक शिक्षण मंडळ केलं. स्वतः अध्यक्ष झाले आणि भगवंतरावांना उपाध्यक्ष केलं. भगवंतराव म्हणजे गावातले सर्वांत मोठे कास्तकार. माणूस वाईट नव्हता, पण गावात आपल्याला विचारल्याशिवाय पान हलू नये अशी त्यांची समजूत होती.

मान्यतेसाठी शाळा तपासायला अमरावतीहून डिप्टीसाहेब आले. बैलांच्या दमणीतून उतरले, गोठ्यात शिरले आणि तसेच बाहेर आले.

"खिडक्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"साहेब, बैलायले खिडक्या कायले लागतात?" नत्थुजी म्हणाले.

साहेब हसले, पण शेरा लिहायचा तो लिहिलाच. दमणी गावाबाहेर पडते न पडते तोच नत्थुजींनी पहार हाती घेतली आणि आपल्या वडिलांनी बांधलेल्या भिंतीला भोकं पाडायला सुरुवात केली. पाहता पाहता निम्मं गाव मदतीला आलं. खिडक्या एका उंचीवर आल्या नाहीत, एक तर चांगलीच तिरपी झाली, पण उजेड आला. पुढच्या वर्षी मान्यताही आली.

ती शाळा ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. जमीन शेणाने सारवलेली. भिंतींना कडब्याचा वास मुरलेला, तो कधी गेलाच नाही. दोन वर्गांच्या मध्ये तुराट्यांचा कुड. कुडाच्या या बाजूला पाचवीची कविता चाले, पलीकडे सातवीचा भूगोल, त्यामुळे पाचवीच्या पोरांना नद्यांची नावं आणि सातवीच्यांना कविता आपोआप पाठ होत. किसनराव हेडमास्तर अमरावतीचे होते. ते गावातच बिऱ्हाड करून राहिले आणि संध्याकाळी कंदील घेऊन घरोघर फिरून कोण अभ्यासाला बसलंय ते पाहायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा सकाळी भरायची. त्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नसे. नत्थुजी आणि किसनराव पारावर बसून ठरवत. मैना त्याच शाळेतून सातवी झाली, मग तिचं लग्न झालं.

मधल्या काळात वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं. नियम बदलले, साहेब बदलले. खाजगी शाळांनी बिनट्रेनिंगचे मास्तर ठेवू नयेत, ट्रेनिंग झालेलेच नेमावेत असा आग्रह वाढला. बोरखेडीच्या शाळेत एक जागा रिकामी होती. भगवंतरावांचा भाचा मॅट्रिकपर्यंत गेलेला होता, पण ट्रेनिंग झालेला नव्हता. अर्ज आणखी एकच होता, ललिता देवमन तायडे, अकोला.

ललिताचे वडील देवमन अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये हमाली करत. छप्पन्न साली त्यांनी सगळ्या कुटुंबासह धम्मदीक्षा घेतली होती. मुलगी मॅट्रिक झाली, मग ट्रेनिंग झाली. मुलाखतीच्या दिवशी ती बडनेऱ्यापर्यंत आगगाडीने, तिथून मोटारीने, आणि शेवटी फाट्यापासून पायी अशी आली. पांढरं सुती लुगडं, पायात धुळीने माखलेल्या चपला. मंडळाचे लोक बाजेवर बसले होते. तिला खुर्ची दिली ती किसनरावांनी.

भगवंतरावांनी गणित-मराठीचं काही विचारलंच नाही. ते म्हणाले, "बाई, नोकरी देली समजा. पन गावात राह्यसान कुठी?"

या प्रश्नाचा अर्थ तिथे सगळ्यांना कळला. तिलाही कळला.

"गावानं शिकवायले ठेवलं तर गावातच राहीन," ती म्हणाली. "नसेल ठेवायचं तर सांगून टाका. संध्याकाळची मोटार सापडंल."

नत्थुजी मोठ्याने हसले. त्यांना माणसं अशीच आवडत. "मोटार जाऊ द्या बाई," ते म्हणाले, "येत्या सोमवारी या." आणि भगवंतरावांकडे वळून म्हणाले, "सरकारले ट्रेनिंगवाला मास्तर पाह्यजे. आपल्याले कायदा मोडता येते का?" भगवंतराव ते विसरले नाहीत.

किसनरावांच्या शेजारची खोली बाईंना मिळाली. बाई शिकवायच्या मन लावून. मुलींच्या घरी जाऊन आयांशी बोलायच्या, त्यामुळे मुली येऊ लागल्या. पण शाळेत एक गोष्ट झाली होती, आणि ती नत्थुजींच्या संमतीनेच झाली होती. शाळेच्या ओसरीवर पूर्वी पाण्याचा एक माठ होता. बाई आल्यावर दुसरा एक आणून ठेवला गेला. कोणी काही फोड करून सांगितलं नाही. काही पालक कुरकुरत होते, भगवंतराव त्यांच्या पाठीशी होते, आणि नत्थुजींनी विचार केला की एवढ्याने गाव शांत राहत असेल तर राहू द्यावा माठ.

 बाईंनी दोन्ही माठांना हात लावला नाही. घरून पितळी तांब्या भरून आणायच्या आणि त्यातलंच पाणी प्यायच्या. उन्हाळा लागला. एके दिवशी नत्थुजी शाळेत आले तर बाईंचा तांब्या रिकामा होता आणि शिकवून शिकवून आवाज बसला होता. तरी त्या फळ्यापुढे उभ्या होत्या. दोन्ही माठ काठोकाठ भरलेले होते.

नत्थुजी घरी गेले. बायकोने, पार्वताबाईंनी, ताट वाढलं, तर म्हणाले, "भूक नाही."  मग उठून शाळेत गेले, नवा माठ उचलला आणि घरी आणून बैलांच्या पाण्याजवळ ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी भगवंतराव तणतणत आले. नत्थुजी म्हणाले, "मी अध्यक्ष हावो. शाळेत माठ एकच राहीन." तो विषय तिथे संपला. बाईंनी तांब्या आणणं बंद केलं. 

बासष्ट साली जनपद सभा गेल्या आणि जिल्हा परिषद आली. त्या उन्हाळ्यात शिक्षण खात्याचे एक अधिकारी गावात आले आणि त्यांनी मंडळापुढे प्रस्ताव ठेवला. मंडळाची इच्छा असेल तर शाळा परिषदेकडे सोपवा. इमारत होईल, शिक्षक परिषदेचे नोकर होतील. नसेल इच्छा, तर मंडळाने पूर्वीसारखी चालवावी. महिन्याभरात काय ते कळवा, एवढं सांगून साहेब गेले.

नत्थुजींना शाळा हातची सोडवेना. भगवंतराव मात्र ठाम होते. "आपली शाळा आपुनच चालवू," ते म्हणाले. भगवंतराव आपल्या बाजूचे निघाले याचं नत्थुजींना नवल वाटलं आणि बरंही वाटलं. तरी त्यांनी मास्तरांना विचारायचं ठरवलं. किसनराव म्हणाले, "पगार वेळेवर होईल, एवढंच मी सांगू शकतो. बाकी तुम्ही ठरवाल ते." मग नत्थुजी ललिताबाईंकडे गेले. बाई सहावीच्या वह्या तपासत बसल्या होत्या.

"बाई, तुमच्यावर मले भरोसा हाये," नत्थुजी म्हणाले. "तुमी तं म्हनसान ना, शाळा गावाचीच राहू द्या म्हनून?"

बाईंनी वही मिटली. "नाही, नत्थुजी. देऊन टाका."

नत्थुजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काहून? मी कधी तुमाले काई कमी केलं का?"

"नाही केलं. म्हणूनच सांगते. तुम्ही माठ उचलला, तो कोणत्या नियमानं?"

"नियम कायचा? माह्या मनात आलं, मी उचलला."

"तेच म्हणते मी. तुमच्या मनात आलं म्हणून तो गेला. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी बसंल आणि त्याच्या मनात आलं तर माठ परत येईल. बाईही जाईल. तुमच्यासारखा अध्यक्ष असला तर गावाच्या शाळेसारखी शाळा नाही. पण तुम्ही किती वर्षं पुरणार?" त्यांनी वही बाजूला ठेवली. "मला कुणाच्या मेहरबानीनं पाणी प्यायचं नाही, नत्थुजी. तुमच्याही नाही."

नत्थुजी उठले आणि वावरात निघून गेले. पुढचे कित्येक दिवस ते शाळेकडे फिरकले नाहीत. वावरात काम नव्हतं, जमीन उन्हाने भेगाळली होती, तरी धुऱ्याच्या बांधावरच्या बाभळीखाली बसून राहायचे. भिंत आपण फोडली, बैल आपण बाहेर काढले, आणि ज्या बाईसाठी सगळ्या गावाशी वैर घेतलं ती म्हणते मेहरबानी नको. राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त दुःख होत होतं.

शेवटी पार्वताबाई भाकरी घेऊन तिथेच गेल्या. "अजी, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मांगं अध्यक्ष कोन होईन?"

"भगवंतरावच होईन. आन् कोन?"

"मंग बाई काय खोटं बोलली?"

नत्थुजींनी भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. भगवंतराव इतक्या पोटतिडकीने आपल्या बाजूने का बोलत होते ते त्यांना तेव्हा उमगलं.

मंडळाची बैठक शाळेतच झाली. भगवंतराव पुष्कळ बोलले. नत्थुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शाळा म्या काढली, तवा ती माही होती. आता ती पोट्ट्यायची हाये. माह्या मर्जीवर चालते ते शाळा पक्की नाही." भगवंतराव सोडून सगळ्यांनी होकार दिला. नत्थुजींनी सही केली. बाहेर आले तेव्हा किसनराव त्यांचा हात धरून उभे राहिले. बाई मुलींना घेऊन मैदानात होत्या. त्यांनी लांबूनच पाहिलं.

पुढे सगळं चांगलंच झालं असं नाही. इमारत यायला वर्षं लागली. वेचणीच्या दिवसांत सकाळची शाळा करायची तर आता वर विचारावं लागे, आणि उत्तर येईपर्यंत वेचणी आटोपलेली असे. किसनराव निवृत्त झाले; नवे हेडमास्तर तिवस्याहून सायकलने येत आणि सुटी झाली की परत जात. कंदील घेऊन फिरणारं कोणी उरलं नाही. आणि ज्या नियमाने बाईंची नोकरी पक्की केली, त्याच नियमाने दोन वर्षांनी त्यांची बदली नांदगाव पेठेला झाली. बदलीचंही असं काही असतं हे नत्थुजींच्या ध्यानातच आलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी मुली रडत होत्या. बाईंचं सामान फाट्यापर्यंत नेलं ते नत्थुजींच्याच बैलबंडीतून, आणि बंडी त्यांनी स्वतः हाकली.

पण बाईंच्या जागी पुन्हा त्यांच्याच समाजाच्या, जमुना नावाच्या बाई आल्या. भगवंतराव तोवर सरपंच झाले होते. त्यांनी अमरावतीला जाऊन ही बाई बदलून द्या म्हणून खटपट केली. तिथल्या साहेबाने कारण विचारलं, ते काही त्यांना तोंडाने सांगता येईना. जमुनाबाई राहिल्या.

हे कळलं तेव्हा नत्थुजींना ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं. धोतर-टोपी घातली आणि मोटारीने थेट नांदगाव पेठ गाठलं. शाळा सुटायची होती. बाई बाहेर आल्या, क्षणभर पाहत राहिल्या आणि धावत आल्या.  नत्थुजींनी भगवंतरावांची सगळी हकीकत रंगवून सांगितली. बाई पोट धरून हसल्या.

"तुमी बरोबर होत्या, बाई," नत्थुजी म्हणाले. "तवा मले लय लागलं होतं. पन बरोबर होत्या."

"बरोबर होते," बाई म्हणाल्या, "पण एक सांगू? इथं पगार वेळेवर आहे, सगळं रीतसर आहे. काही पटलं नाही तर कागद लिहावा लागतो, तो अमरावतीला जातो. तुमच्यासारखं समोर बसून भांडायला मात्र इथं कोणी नाही."

"मंग येत जाईन मी," नत्थुजी म्हणाले. "भांडाले."

आणि ते खरंच जात राहिले. तूर निघाली की, आंबे उतरले की, कधी काहीच कारण नसताना. शाळेसमोरच्या ओट्यावर दोघं बसत आणि सरकारचं कुठे चुकतं यावर वाद घालत, मोटारीचा भोंगा वाजेपर्यंत.